दुसरी वेलांटी

परचुरे अण्णांचा पहिला संशय नातीवर गेला. मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झालेल्या अण्णांनी शुद्धलेखनाची वेबसाइट काढली, तेव्हा वाचकांनी निरोप लिहायची चौकट तिनेच करून दिली होती. तिच्यातून ठगांचे निरोप बदाबदा कोसळू लागले, म्हणून अण्णांनी स्वतः दारावर एक प्रश्न बसवला: ‘थोरांना नमस्कार केल्यावर काय मिळतो?’ ‘आशीर्वाद’ जो अचूक लिहील, त्याचाच निरोप आत येणार.

तेव्हापासून तीन महिन्यांत एकच निरोप आला. ‘अभीनंदन! तुम्हाला बक्षीसात मोटार लागली.’ ‘अभिनंदन’ची वेलांटी बघूनच अण्णांनी ठग ओळखला आणि निरोप उडवला. पण बाकीचं जग कुठे गेलं? पोरीनं नक्की काहीतरी बिघडवलंय.

तेवढ्यात छापखान्यातले जुने कंपोझिटर गोंधळेकर यांचा फोन आला. “अण्णा, चार वेळा निरोप लिहिला. दर वेळी उत्तर चूक म्हणून हाकलता होय?”

“‘शी’ला पहिली वेलांटी दिली असशील!”

“त्या एका वेलांटीपायी तीस वर्षं तुमची बोलणी खाल्ली. दुसरीच दिली.”

अण्णांचा विश्वास बसेना. याला पुरावाच दाखवू, म्हणून त्यांनी वेबसाइटची आतली बाजू उघडली. प्रश्नाखाली बरोबर उत्तर म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं: ‘आशिर्वाद’.

“अण्णा? आहात ना?”

“आहे,” अण्णा म्हणाले. “आत आम्ही दोघंच आहोत. मी आणि तो मोटारवाला.”