ज्यूनोबद्दल तक्रार

ॲन आर्बरच्या विद्यापीठात नेत्रा एका व्यापाऱ्याची जुनी पत्रं वाचून त्यांचा गोषवारा कॅटलॉगमध्ये भरत होती. अडीचशे वर्षांपूर्वी त्याचा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका तंबाखूच्या मळेवाल्याशी व्यवहार होता. एका पत्रात त्याने कुरकुर केली होती: "तुम्ही पाठवलेली ज्यूनो काही खात नाही. दिवसभर दाराकडे तोंड करून उभी असते. परत घेऊन जा."

"काय म्हणतोय तुझा व्यापारी?" शेजारी बसलेल्या हिमानीने विचारलं.

"अगं, घोडी पसंत नाही पडलेली त्याला." विषयाच्या रकान्यात 'घोडीबद्दल तक्रार' असं टाइप करून नेत्राने पुढचं पत्र उघडलं. ते मळेवाल्याचं उत्तर होतं. "जरा धीर धरा. सवय झाली की रडायची थांबेल. तिची मुलगी मी आधीच दुसरीकडे विकली आहे."

नेत्राचे हात कीबोर्डवरच राहिले.

"काय झालं गं?"

नेत्राने मागच्या पत्राची नोंद पुन्हा उघडली. आधी 'घोडी' हा शब्द खोडून तिथे 'ज्यूनो' लिहिलं. मग पत्रात आलेल्या माणसांच्या यादीत, त्या दोघांच्या नावांखाली, ज्यूनोचं नाव घातलं. मुलीचं नाव पत्रात कुठेच नव्हतं. नेत्राने तिच्यासाठीही एक ओळ लिहिली: ज्यूनोची मुलगी.