दुसऱ्या अंकापर्यंतची वही

तिसऱ्या अंकात ती मेली, आणि वाचनालयाच्या बाकावर मुलीला हुंदका आवरेना. परीक्षेला नेमलेलं जुनं नाटक. कालपर्यंत तिनं त्याला शिव्याच घातल्या होत्या. आज एका बैठकीत संपवलं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बायको नवऱ्याचं घर सोडून निघते. तिसऱ्यात निरोप येतो, नदीत सापडली म्हणून.

आता आईला काय सांगायचं?

लग्नाआधी आई याच नाटकात ती बायको होणार होती. ते बसवणाऱ्या हौशी मंडळींची रीतच अशी, की सबंध नाटक कुणाच्या हाती द्यायचं नाही. ज्याची त्याची वाक्यं तेवढी वहीत उतरवून मिळायची. आईनं ती आठवड्यात घोकून पाठ केली. तालमी सुरू व्हायच्या आत तिचं लग्न उरकलं. बाबांच्या घरात नाटकाचं नाव काढायची सोय नव्हती. नाटकाचीच काय, कशाचीच नव्हती. बाबांचा आवाज चढला की आई भिंतीला टेकायची.

मुलगी घरी आली तेव्हा बाबा कामावर होते. आई मशीनवर उशीचे अभ्रे शिवत होती.

"झालं वाचून?" आईनं पाय थांबवले. "माझी वाक्यं ती दाराबाहेर पडेपर्यंतच होती. पुढं काय होतं गं तिचं?"

आई मोठ्या आशेनं बघत होती. मेली म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं? तिनं दिलं ठोकून.

"छान होतं की! शाळेत नोकरी लागते. स्वतःची खोली घेते. शेवटी खिडकीत बसून एकटीच निवांत चहा पिते, आणि पडदा."

"खरंच?"

"अगदी. तुझी शपथ."

आई हसली नाही. हातातला अभ्रा तिनं उलटा केला, सुलटा केला, मांडीवर ठेवला.

"तू दोन वर्षांची होतीस," ती म्हणाली. "पिशवी भरून, तुला कडेवर घेऊन फाटकापर्यंत गेले होते मी. मग मनात आलं, ती बिचारीसुद्धा बाहेर पडून मेलीच असणार. तिथूनच मागं फिरले. त्या एका समजुतीवर अठरा वर्षं काढली गं."