जर्मनीचं नेट

“सर, आता रिसेटच्या भोकात पिन खुपसतो. यानं पण नाय झालं तर मग देवच,” स्टुलावर चढलेला सुनील केबलवाला म्हणाला.

“या घरात देव नाही. तू वायर बघ,” राजेंद्रराव म्हणाले.

ते खाली टॉर्च धरून उभे होते. तहसील कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. एखादं प्रकरण निकाली निघालं नाही की त्यांना जेवण गोड लागत नसे. सध्याचं प्रकरण भिंतीवर होतं. जुना राऊटर, एक अँटेना रबरबँडने बांधलेली. दिवा हिरवा व्हायचा, जरा दम धरायचा आणि तांबडा व्हायचा.

रोज संध्याकाळी जर्मनीहून दीक्षाचा व्हिडिओ कॉल येई. “बाबा, जेव...” इथवर येऊन पोरीचा चेहरा थिजे. मग मधोमध गोल चाक. राजेंद्ररावांनी राऊटर फ्रीजमागून काढून टीव्हीवर ठेवला, टीव्हीवरून वर भिंतीवर टांगला, वायर बदलली, पासवर्डही बदलला. चाक फिरतच राहिलं.

“अहो, राहू दे ना,” नीलाताई डबा भरता भरता म्हणाल्या. “फोनवर बोलता येतंच की.”

“फोनवर जर्मनी दिसते का?”

नीलाताईंनी डब्याचं झाकण लावलं. त्यांची बहीण अनुपमा महाडातच, दोन आळ्या सोडून राहायची. तिचे गुडघे धरले होते, म्हणून पावसाळा लागल्यापासून नीलाताई रोज तिला डबा पोचवत. आधी साधा डबा होता, आता तीन पुडांचा झाला होता.

“तुझी बहीण गुडघ्यांनीही जेवते काय?” राजेंद्ररावांनी विचारलं.

नीलाताई छत्री घेऊन निघून गेल्या.

रविवारी वस्तीतल्या दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार होता, आणि दीक्षा त्यांच्याशी थेट जर्मनीहून बोलणार असं राजेंद्ररावांनी जाहीर करून टाकलं होतं. ती जर्मनीला निघाली तेव्हा अख्खी वस्ती एसटी स्टँडवर आली होती. तिथं त्यांनी छोटंसं भाषण केलं होतं: “आता माघारी वळायचं नाही. मोठी झाल्याशिवाय तोंड दाखवायचं नाही.” टाळ्या पडल्या होत्या. तेव्हापासून चहाच्या टपरीवर त्यांचं एकही वाक्य जर्मनीला वळसा घातल्याशिवाय पुरं होत नसे.

मंडळाचे अध्यक्ष रामजी त्यांचे बालमित्र. ते स्टुलाखाली येऊन उभे राहिले.

“राजा, पोरांना काय दाखवणार हायस? हे चाक? त्यापरास रसवंतीवाला आणतो. त्याचं चाक तरी मोठं हाय.”

“रविवारी बघच तू.”

“बघतो ना. साऱ्या वस्तीला घेऊनच बघतो.”

त्याच दिवशी राजेंद्ररावांनी नवा राऊटर आणला. चार अँटेना. जुना भंगारात घालणार, तेवढ्यात नीलाताईंनी तो पिशवीत टाकला. “अनुपमाने नेट घेतलंय. तिला होईल तेवढ्यापुरता.”

नव्या राऊटरवर सगळं धावायला लागलं. सिनेमे, बातम्या, क्रिकेट. संध्याकाळी दीक्षाचा कॉल आला. “बाबा, जेव...”

चाक.

सुनीलने सगळे दिवे तपासले. “सर, तुमच्या बाजूचं एकदम टॉप हाय. गडबड तिकडची.”

“जर्मनीत गडबड?” राजेंद्रराव त्याच्याकडे असे बघत राहिले, जणू त्याने रायगड अलिबागला नेऊन ठेवला होता. “उद्या म्हणशील, त्यांचे स्क्रू पण ढिले असतात.”

रात्री दीक्षाने नुसता फोन केला. “बाबा, नेटचा भरवसा नाही. मी रेकॉर्ड करून पाठवू?”

“नाही. समोरासमोर. पोरांना कळू दे, आपल्यातली एक कुठं पोचलीय ते.”

“बरं,” ती म्हणाली.

रविवारी पावसाची झड लागली, म्हणून कार्यक्रम राजेंद्ररावांच्याच हॉलमध्ये ठेवला. सतरंजीवर मुलं, खुर्च्यांवर आईबाप, पुढच्या खुर्चीत रामजी. नीलाताई तेवढ्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पुढे या म्हटलं तरी येईनात.

“इकडचा आवाज तिकडं बंद ठेवलाय, सर. घुमतो,” सुनील म्हणाला. “तिला आपलं काय ऐकू जायचं नाय. तिचं बोलून झालं की चालू करतो.”

टीव्हीवर दीक्षा आली. मागे पांढरी भिंत, अंगात स्वेटर. “जयभीम,” ती म्हणाली. हॉल एका सुरात “जयभीम” म्हणाला.

ती बोलायला लागली. पहिल्या वाक्याला नेट गेलं नाही. दुसऱ्यालाही नाही. राजेंद्ररावांनी रामजींकडे पाहिलं. रामजींनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. हार मान्य करायची त्यांची तीच पद्धत होती.

दीक्षा छान बोलत होती. घाबरायचं नाही म्हणाली. वाट चुकली तरी घरी सांगायला लाजायचं नाही म्हणाली. तिथं तिचा आवाज थोडा अडखळला. राजेंद्ररावांचे डोळे भरून आले.

आणि बाहेर पुराचा भोंगा झाला.

सावित्री नदीला पाणी चढलंय, सामान वर घ्या, एवढाच त्याचा अर्थ. महाडात तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. खुर्च्या सरकल्या, बायका उठल्या.

“बसा, बसा!” राजेंद्ररावांनी हात वर केला. “पाणी यायला वेळ आहे. तिचं वाक्य तरी पुरं होऊ द्या!”

पण पडद्यावर दीक्षाही गप्प झाली होती. तोंड अर्धवट उघडं, नजर एका जागी.

“गेलं!” रामजी खूश होऊन ओरडले.

सुनील राऊटरकडे धावला. सगळे दिवे हिरवे होते.

तेवढ्यात पडद्यावरची दीक्षा ताडकन उठली, वाकून जमिनीवरचा तांदळाचा डबा दोन्ही हातांनी उचलला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, “अनुमावशी, भोंगा झाला गो! गॅसची टाकी तू उचलू नको, गुडघे जातील, मी आले!”