नोट्समधले उदाहरण

दुसऱ्याचे दुःख मुखोद्गत असणे आणि ते ऐकू येणे, यांत फार अंतर असते. समाजशास्त्राच्या एकतीस उत्तरपत्रिकांत प्राध्यापकांना एकाकीपणाचे एकच उदाहरण आढळले: वसतिगृहातील एक मुलगी, जिच्याशी महिनाभर कोणीही बोलले नाही आणि जिला आता जगणे नकोसे झाले आहे. वर्गात त्यांनी विचारले, “ही मुलगी कोण?” “कोणी नाही, सर. आपल्या वर्गातली ती अबोल मुलगी, घुमी म्हणतो आम्ही तिला, तिच्या नोट्समधलं उदाहरण आहे, आम्ही नुसतं घोकलं.” “अक्षर मोत्यासारखं, पण तोंडाला कुलूप!” मागून टोमणा आला. “आज ती कुठे आहे?” प्राध्यापकांनी विचारले. तिची जागा रिकामी होती. सगळे वसतिगृहाकडे धावले. तिचे दार आतून बंद होते. हाक मारायला खरे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. प्राध्यापकांनी हजेरीपटातून ते वाचले. मग एकतीस कंठांतून हाक उमटली. ती हाक वेळेत पोहोचो. दाराच्या दोन्ही बाजूंच्या लेकरांचे रक्षण होवो.