खुर्चीतला खड्डा

जुन्या फर्निचरच्या दुकानदाराचा एक नियम होता. माल पुन्हा विकायचा, तर आधीच्या मालकाची खूण त्यात उरता कामा नये. गिऱ्हाईक ओरखडा चालवून घेतं, परका माणूस नाही.

नेमकी त्याच्याच घरात एक आरामखुर्ची होती, बायकोच्या पहिल्या घरून आलेली. पहिला नवरा वारून सहा वर्षं झाली, तरी गादीत बसण्याचा खड्डा जसाच्या तसा. दुकानदार येताजाता त्या खड्ड्याकडे असा बघायचा, जणू तिथे कुणी पाय पसरून पेपर वाचतंय. बायकांना निदान सवत तरी असते. पुरुषाने अशा वेळी कुणाच्या नावाने बोटं मोडायची?

शेवटी बायको आठवडाभर माहेरी गेली, तशी त्याने खुर्ची दुकानात हलवली. पट्टे ताणले, नवा काथ्या भरला, वर नवं कापड चढवलं. चार दिवसांत खड्डा गेला आणि पाचव्या दिवशी खुर्चीही गेली. त्या दिवशी तो शीळ घालत घरी आला.

बायको परतली, ती दारातच थबकली.

"अहो, माझी खुर्ची कुठंय?"

"तुझी? त्याची ना?"

"त्यांची कुठली! त्यांचा पाय कधी घरात ठरला का? मीच बसायचे तिच्यात, तासन्‌तास, त्यांची वाट बघत."

दुकानदाराने मनात हिशेब केला. लग्नाला तीन वर्षं होत आली होती. आपली वाट बघत ती साध्या स्टुलावरही टेकल्याचं त्याला आठवेना.