देवगणाची मुलगी

"खोटं उत्तर दिलं तर ह्या गेमला कळतं हं," सुयश हसत म्हणाला.

मनाली हसली नाही. त्याचा मोबाइल तिच्या हातात होता आणि पडद्यावर पहिला प्रश्न प्रकट झाला होता. प्रश्नांची उत्तरे दिली की आपला स्वभाव कोणत्या कुळाशी जुळतो, हे तो खेळ सांगत असे. गंधर्व, यक्ष, नाग किंवा राक्षस. खारघरच्या त्या उंच इमारतीच्या बाल्कनीत, 'जरा बोलून घ्या' म्हणून मोठ्यांनी धाडलेल्या उपवर मुलामुलीचा संकोच सरावा, एवढाच सुयशचा हेतू होता. परंतु 'राक्षस' हा शब्द वाचताच मनालीने चटकन आत बसलेल्या वडिलांकडे पाहिले.

मनालीचा गण राक्षस होता. देवगणाच्या मुलाला अशी मुलगी करीत नाहीत. या एका शब्दापायी चांगली चांगली स्थळे उंबरठ्यावरून परतली होती. म्हणून या खेपेस तिचे वडील विलासराव यांनी तिची जन्मवेळ किंचित पुढे सरकवून पत्रिका नव्याने करविली. चित्रा नक्षत्र सरले, स्वाती लागले. राक्षसगण गेला, देवगण आला. सुयशही देवगणाचा असल्याचे त्याच्या आईने, अस्मिताबाईंनी, आधीच कळविले होते. गुण उत्तम जुळले.

"माझी जन्मवेळ तरी माझी राहू द्या, बाबा!" असे मनाली त्या दिवशी ओरडली होती. पुढे सुयशशी फोनवर बोलणे होऊ लागले. तो तिचे वाक्य कधीही मध्येच तोडत नसे. मनाली ओरडेनाशी झाली. हे स्थळ गेले तर असा मनुष्य पुन्हा भेटणार नाही, हे तिला कळून चुकले होते. आज गजरा माळताना आई, चारुलताबाई, तिला बजावून गेल्या होत्या, "आज तोंड म्यूटवर ठेव. काय गर्जना करायची ती लग्नानंतर कर."

पहिला प्रश्न होता, 'रांगेत कोणी मध्येच घुसला तर आपण काय कराल?' अशा एका इसमाची कॉलर मनालीने मागच्याच महिन्यात धरली होती. तिने उत्तर निवडले, 'त्याला घाई असेल, असे समजेन.' दुसरा प्रश्न होता, 'सभेत आपले म्हणणे कोणी ऐकले नाही तर?' सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीच्या हातचा माइक तिने ओढून घेतला होता. तिने निवडले, 'शांत बसेन.' तिसऱ्या प्रश्नाला ती क्षमा करून मोकळी झाली. प्रत्येक उत्तरासरशी काहीतरी आतल्या आत गिळल्यासारखे तिला होत होते. सुयश तिच्या खांद्यावरून सारे पाहत होता.

निकाल उमटला. 'आपण गंधर्व आहात. मृदू, नमते घेणारे, कलहापासून दूर.'

मनालीने सुटकेचा श्वास सोडला आणि वर पाहिले. सुयशचा चेहरा उतरला होता.

"मग हे नाही जमणार," तो हळू आवाजात म्हणाला. "आत आईने सांगितलंय ते खोटं आहे. मी देवगणाचा नाही, राक्षसगणाचा. तिने माझी जन्मवेळ फिरवून घेतली. राक्षसाला राक्षसच लागतो, देवगणाची मुलगी त्याच्या घरात होरपळते, असं म्हणतात. मी मानत नव्हतो. पण तुमची उत्तरं पाहिली ना. मी तापट आहे, मनाली. घरात भांडतो, ऑफिसात भांडतो. तुम्ही समोर नुसत्या गप्प बसाल. आणि तुम्ही गप्प बसलात, तर मी कुठे थांबायचं ते मला कोण सांगणार?"

मनाली एक पाऊल पुढे सरकली.

"माझाही राक्षसगणच आहे," ती म्हणाली.

सुयश खिन्नपणे हसला. "मला वाईट वाटू नये म्हणून म्हणताय. हेच ते. गंधर्व."

त्याने तिच्या हातून मोबाइल घेतला आणि काचेच्या दाराकडे वळला. आत जाऊन तो सत्य सांगणार होता, क्षमा मागणार होता, आईला उठवून नेणार होता. मनालीला एकाएकी उमगले की आता तिने कितीही खरे सांगितले, तरी ते तिच्या गोड स्वभावाच्या खाती जमा होईल. शब्दाने पटवून देण्याची वेळ निघून गेली होती.

तिने सुयशला बाजूला सारले. दार खाडकन सरकविले.

"बाबा!" दिवाणखान्यातील कपबश्या दचकल्या. "स्वाती नाही, चित्रा! राक्षसगण आहे माझा. तुम्ही सांगता का मी सांगू? आणि आई, डोळे वटारू नकोस, आता काही उपयोग नाही!"

शेजारच्या बाल्कनीतील बाई कपडे वाळत घालावयाच्या थांबल्या. विलासरावांच्या हातातील पोह्यांची बशी तशीच तरंगत राहिली. चारुलताबाईंनी पदराने तोंड झाकले.

मनालीच्या पाठीमागून सुयशचा आवाज आला. तो आनंदाने चिरकला होता. "आई, आता आपलंही सांगून टाक."

अस्मिताबाईंनी मुलाकडे पाहिले. धापा टाकणाऱ्या मनालीकडे तर त्या पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि विलासरावांना म्हणाल्या,

"अहो, वर्षभर आम्ही राक्षसगणाचीच मुलगी शोधत होतो. ज्या घरी जावं तिथे देवगण! शेवटी कंटाळून मीच ह्याला देव करून टाकलं."