हालिनाबाईंचं जुनं उत्तर

"ती जुनी टेप लावा," हालिनाबाई म्हणाल्या आणि शलाका लॅपटॉप उघडता उघडता थांबली.

आता झालं! नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावी, बाईंच्या निर्वासित-वसाहतीपाशी सोडताना रणजितनं बजावलंच होतं, "बोलावून घेतलंय म्हणजे ही बाई उत्तर मागे घेणार बघ. तुझ्या पीएचडीचे वाजले बारा." नवराच तो, नको तेव्हा बरोबर बोलायची खोड.

युक्रेनची माणसं स्वतःला कोण समजतात, हे अभ्यासकांनी आजवर कसकसं शोधलं, हा शलाकाचा विषय. आधीचे विद्वान नुसती भाषा विचारायचे आणि देशाचा दोन रंगांत नकाशा काढून मोकळे व्हायचे. मग माणसालाच विचारायची टूम निघाली, तुम्ही स्वतःला कोण म्हणवता? युद्ध पेटलं आणि त्याच माणसांची उत्तरं पालटली. जुनं उत्तर खोडा म्हणून एकेक जण हटून बसू लागला, आणि नियमानं खोडावंही लागे. हालिनाबाईंची मुलाखत शलाकाच्या सरांनी युद्धाच्या कितीतरी आधी, खारकिवला त्यांच्या घरी जाऊन घेतलेली. शलाकाचं शेवटचं प्रकरण तिच्यावरच उभं होतं. ती गेली की चार वर्षांची मेहनत पाण्यात!

"लाज वाटून घेऊ नका हं," शलाका घाईघाईनं आपल्या मोडक्यातोडक्या युक्रेनियनमध्ये म्हणाली. "तेव्हा पुष्कळ जण असंच बोलायचे. तुमचं नाव कुठेही येणार नाही."

"तुम्ही लावा तर खरं."

बाईंनी केटल बंद केली. खिडकी लावून घेतली. शेजारच्या निर्वासितांनी ऐकू नये म्हणून असेल, शलाकाला वाटलं. मग खुर्ची ओढून बाई लॅपटॉपला अगदी चिकटून बसल्या.

प्रश्न आला. पाठोपाठ बाईंचाच आवाज, तरुण, हसरा, अस्खलित रशियनमध्ये. "कोण म्हणजे? घरात रशियन बोलतो, रशियनच लिहा की!" आणि टेप संपली.

शलाकानं बाईंकडे पाहिलं. आता म्हणतील, खोडा.

"मध्ये काहीतरी होतं," बाई म्हणाल्या. "मी बोलत असताना स्वयंपाकघरातून..."

"हो हो, ते होय!" शलाकाला केवढं हायसं वाटलं. उत्तराबद्दल ब्र नाही! "कुणीतरी मीठ कुठंय म्हणून ओरडत होतं. भांड्यांचा खडखडाट काय, बडबड काय. मी ते सगळं काढून टाकलं. म्हणून तर इतकं स्वच्छ ऐकू येतंय."

"मग मूळ टेप?"

"ती पुसून टाकली. काही काळजी करू नका, आमचा नियमच आहे तसा."

बाईंनी खुर्ची लॅपटॉपपासून मागे सरकवली. शलाकानं धीर करून विचारलं, "मग... उत्तर ठेवू ना?"

"ठेवा की. त्याचं मला काय करायचंय?" हालिनाबाई म्हणाल्या. "मिकोला आघाडीवर गेला तो गेलाच. मागून घर जळलं, त्यात फोन, फोटो, सगळंच. माझ्या नवऱ्याचा आवाज आता तेवढ्या टेपमध्ये उरला होता."